आकडा आला, पण कशाचा?

‘डीएनए किती आहे हे मोजणे हा आता सुटलेला प्रश्न आहे,’ हे वाक्य जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत इतक्या सहजपणे बोलले जाते की त्याला कोणी हरकत घेत नाही. बोलणारे अडाणी नसतात. अनेकदा ते विभागप्रमुख असतात, प्रबंधाचे परीक्षक असतात, खरेदी समितीवर असतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या बैठकीवर एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब सोडा, दांडी खाली करा, काही सेकंदांत पडद्यावर नॅनोग्रॅममध्ये उत्तर येते. शेजारी २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर येते, ते १.८ च्या आसपास असले की नमुना शुद्ध. ज्याला याहून काटेकोरपणा हवा त्याने डिजिटल पीसीआरचे यंत्र घ्यावे, ते रेणू एकेक करून मोजते, वाद मिटला. मधल्या फ्लुरोसंट रंगांच्या किटवर आणि प्रमाण-नमुन्यांवर अनुदानाचे पैसे उडवण्याची गरज काय?

हे म्हणणे पहिल्या टोकाला चुकीचे आहे आणि दुसऱ्या टोकाला अर्धवट. त्यातली चूक बारीकसारीक नाही, म्हणून हा सविस्तर प्रतिवाद.

पहिल्या टोकापासून सुरुवात करू. अतिनील प्रकाश २६० नॅनोमीटरला शोषला जातो तो डीएनएतल्या बेसेसमुळे. यंत्र मोजते ते हे शोषण, म्हणजेच अ‍ॅब्सॉर्बन्स. दुपदरी डीएनएसाठी १ एकक शोषण म्हणजे मायक्रोलिटरला ५० नॅनोग्रॅम, असे धरून यंत्र गुणाकार करते आणि तुम्हाला उत्तर देते. आरएनएसाठी हाच गुणक ४० आहे, एकपदरी डीएनएसाठी ३३. आता यंत्राला कसे कळणार की थेंबात काय आहे? त्याला कळत नाही. तुम्ही पडद्यावर ‘दुपदरी डीएनए’ असे बटण दाबलेले असते, म्हणून ते ५० ने गुणते. थेंबात निम्मा आरएनए असला तरी ५० ने गुणते. पीसीआरनंतर न धुतलेले प्रायमर आणि सुटे न्यूक्लिओटाइड असले तरी ५० ने गुणते. दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा देते, आणि त्या दशांशामुळेच माणसाचा विश्वास बसतो.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी हे अनुभवलेले असते. सीटीएबी पद्धतीने पानातून डीएनए काढला आणि आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारे विकर, टाकायचे राहिले, की अतिनील शोषणाचा आकडा भरघोस येतो. त्याच नळीतला डीएनए फ्लुरोसंट रंगाने मोजला तर कित्येक पटींनी कमी भरतो. विद्यार्थी मग रंगाच्या किटला दोष देतो, कारण कमी आकडा कोणालाच आवडत नाही. जेलवर तोच नमुना चालवला तर खाली आरएनएचा धुरकट पट्टा स्वच्छ दिसतो, पण जेल पाहण्याआधीच वहीत मोठा आकडा लिहून झालेला असतो.

‘पण आम्ही शुद्धता तपासतो ना, १.८ आले होते,’ हे ठरलेले उत्तर. या १.८ ची कुळकथा जरा सांगायला हवी, कारण ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २८० आणि २६० च्या शोषणाचा हा हिशेब ओटो वारबुर्ग आणि वाल्टर क्रिस्टियान यांनी १९४२ मध्ये मांडला. ते दोघे डीएनए शुद्ध करत नव्हते. ते एनोलेज नावाचे विकर, म्हणजे एक प्रथिन, शुद्ध करत होते आणि त्यात न्यूक्लिक आम्लाची भेसळ किती राहिली आहे हे त्यांना पाहायचे होते. त्या कामासाठी हे गुणोत्तर उत्तम आहे. न्यूक्लिक आम्ल अतिनील प्रकाश प्रथिनापेक्षा कितीतरी अधिक शोषते, त्यामुळे प्रथिनात ते चिमूटभर मिसळले तरी गुणोत्तर लगेच उडी मारते.

आपण मात्र हेच गुणोत्तर उलट्या दिशेने वापरतो. डीएनएत प्रथिन किती आहे हे त्यावरून ठरवतो आणि तिथे ते जवळजवळ आंधळे असते. हिशेब वहीच्या समासात मावेल इतका सोपा आहे. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम डीएनए असेल तर २६० ला शोषण २०, आणि गुणोत्तर १.८ म्हणजे २८० ला सुमारे ११.१. तितक्याच वजनाचे सर्वसाधारण प्रथिन २८० ला साधारण १ आणि २६० ला सुमारे ०.६ शोषते. दोन्ही एकत्र केले: वर २०.६, खाली १२.१. भागाकार १.७. म्हणजे नळीत डीएनएइतकेच प्रथिन असताना, नमुना वजनाने निम्मा भेसळीचा असताना, गुणोत्तर १.८ वरून फक्त १.७ वर येते. किती प्रयोगशाळांत १.७ पाहून नमुना फेकला जातो? ‘ठीक आहे, चालेल’ असेच म्हटले जाते. १९९५ मध्ये ग्लासेल यांनी या गुणोत्तराच्या वैधतेवर याच अंगाने टीका छापून आणली होती. तीस वर्षे झाली, प्रबंधांतले वाक्य मात्र अजून तेच आहे.

भर म्हणून आणखी एक गोष्ट. हे गुणोत्तर नमुना कशात विरघळवला आहे यावरही हलते. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते, आणि त्यात तोच नमुना किंचित अल्कली बफरमध्ये मोजलेल्यापेक्षा कमी गुणोत्तर दाखवतो. विल्फिंगर, मॅकी आणि खोमचिन्स्की यांनी १९९७ मध्ये हे मोजून दाखवले. फरक एखाद-दोन दशांश सहज भरतो. म्हणजे अर्ध्या भेसळीने जेवढे गुणोत्तर हलते, त्याहून जास्त ते पाण्याने हलते. अशा निकषावर शुद्धतेचे प्रमाणपत्र द्यायचे म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

इथे विरोधकांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करतो. साधी पीसीआर करायची असेल, एखादे जनुक आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर नळीत १० नॅनोग्रॅम आहेत की ५० याने बहुधा काही बिघडत नाही. प्रतिक्रिया तेवढी सहनशील असते. शुद्ध केलेला, भरपूर प्लास्मिड असेल तर अतिनील शोषणाचा आकडा बरोबरच येतो. शिवाय या यंत्राचा एक मोठा गुण आहे, तो त्याच्या वकिलांच्याच लक्षात येत नाही: ते अख्खा वर्णपट काढते. फिनॉल उरले असेल तर शिखर २७० कडे सरकते; ग्वानिडीन किंवा ईडीटीए उरले असेल तर २३० जवळ आलेख चढतो. ही माहिती रंगाचे किट देऊ शकत नाही. पण आलेखाकडे पाहतो कोण? नजर थेट आकड्यावर जाते, मग खिडकी बंद. यंत्राची खरी ताकद वाया घालवून त्याचा कमकुवत भाग प्रमाण मानायचा, अशी ही पद्धत आहे.

अडचण होते ती जिथे प्रतिक्रिया सहनशील नसते तिथे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे उदाहरण घ्या. डीएनए ओळखपरीक्षेच्या बहुतेक किटना अर्धा ते एक नॅनोग्रॅम मानवी डीएनए हवा असतो. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एक नॅनोग्रॅम हा जेमतेम दीडशे पेशींचा ऐवज. त्याहून बराच जास्त घातला तर आलेखाची शिखरे मोजणीच्या बाहेर जातात आणि खोटी शिखरे उगवतात. कमी घातला तर एखादे अ‍ॅलील गळून पडते आणि दोन वेगळ्या खुणा असलेला माणूस एकाच खुणेचा दिसतो. त्यात जमिनीत पुरलेल्या हाडातून काढलेला डीएनए बहुतांश जिवाणूंचा असू शकतो. अतिनील शोषणाला जिवाणू आणि माणूस सारखेच. म्हणूनच अमेरिकेतल्या न्यायवैद्यक गुणवत्ता-मानकांत तपासणीआधी मानवी डीएनए वेगळा मोजण्याची अट घातली गेली. ही काटेकोरपणाची हौस नव्हती. कोणाला तुरुंगात धाडायचे याचा निर्णय त्या नळीवर ठरत होता.

जनुकसंस्कारित पिकांचेही तसेच. युरोपीय संघात ०.९ टक्क्याच्या वर असे घटक असले की वेष्टनावर लिहावे लागते. भारतानेही २०२१ पासून आयात होणाऱ्या २४ खाद्यपिकांसाठी १ टक्क्याची मर्यादा घातली. हा टक्का म्हणजे दोन डीएनए-मोजण्यांचा भागाकार असतो: वर परक्या जनुकाच्या प्रती, खाली त्या पिकाच्या स्वतःच्या जनुकाच्या प्रती. ०.८ आणि १.१ यांच्यामध्ये एक अख्खे जहाज अडते किंवा सुटते. ‘साधारण बरोबर’ आकड्यावर तिथे काम चालत नाही.

मग रंग. हेक्स्ट ३३२५८ या रंगाने डीएनए मोजण्याची सोपी पद्धत लाबार्का आणि पेगन यांनी १९८० मध्ये दिली. १९९० च्या दशकात पिकोग्रीन आला आणि मिलिलिटरला २५ पिकोग्रॅमपर्यंत मजल गेली. या रंगांचे मर्म असे की मोकळे असताना ते जवळजवळ चमकत नाहीत, दुपदरी डीएनएला चिकटले की झळकतात. आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, प्रथिन यांचा त्रास फार कमी. म्हणून थोड्या आणि मळक्या नमुन्यासाठी मी डोळे झाकून रंगाचा आकडा आधी मानतो.

पण रंगाच्या भक्तांनीही फार हुरळून जाऊ नये. हेक्स्ट एटी-बहुल भागांना जास्त चिकटतो, त्यामुळे ज्या जिवाणूचा डीएनए जीसी-बहुल आहे तो कमी दिसतो. एकपदरी झालेला डीएनए रंगाला जवळपास दिसतच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: रंगाची चमक स्वतःहून नॅनोग्रॅम सांगत नाही. किटमध्ये दिलेल्या प्रमाण-डीएनएशी, बहुधा लॅम्डा विषाणूच्या डीएनएशी, तुलना करून ती नॅनोग्रॅममध्ये येते. त्या प्रमाण-डीएनएचा आकडा कसा ठरवला जातो? बऱ्याचदा अतिनील शोषणानेच. ज्याला आपण दारातून घालवले तोच मागच्या खिडकीतून घरात येऊन बसलेला असतो.

हे वर्तुळ किती चिवट आहे याचा पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेकडे, निस्टकडे, आहे. २००७ मध्ये त्यांनी मानवी डीएनएच्या मोजणीसाठी ‘एसआरएम २३७२’ नावाचा प्रमाण-नमुना काढला. जगभरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी आपले किट त्यावर ताडून पाहावे हा हेतू. प्रमाणपत्र होते अतिनील शोषणाचे. काही वर्षांनी साठ्यातले नमुने पुन्हा तपासले, तर शोषण वाढलेले! नळीत कोणी डीएनए टाकला नव्हता. झाले असे होते की क्षार कमी असलेल्या बफरमध्ये ठेवलेल्या डीएनएचे दोन पदर काही प्रमाणात सुटत गेले होते, आणि सुटलेले पदर तितक्याच वजनाच्या जोडलेल्या पदरांपेक्षा जास्त प्रकाश शोषतात. पूर्ण सुटले तर जवळपास चाळीस टक्के जास्त. नमुना विक्रीतून काढावा लागला आणि डीएनए पुरता एकपदरी करून, त्या स्थितीत शोषण मोजून, नव्याने प्रमाणित करावा लागला. पुढे २०१८ मध्ये ‘एसआरएम २३७२ए’ आला तेव्हा त्याचे प्रमाणपत्र अतिनील शोषणावर ठेवलेच नाही. थेंबांच्या डिजिटल पीसीआरने प्रती मोजून ते दिले.

लक्षात घ्या, ही संस्था म्हणजे एखादी घाईत असलेली एम.एस्सी.ची प्रयोगशाळा नव्हे. मोजमाप हाच तिचा व्यवसाय. तिथे हे घडले आणि त्यांनी ते जाहीरपणे छापले. आपल्याकडे फ्रीजच्या कोपऱ्यात दोन वर्षे पडलेला नमुना जुन्याच आकड्यावर वापरला जातो आणि प्रयोग फसला की एन्झाइम बदलले जाते.

याच गोष्टीचा आधार घेऊन दुसरे टोक बोलू लागते: बघा, निस्टसुद्धा डिजिटल पीसीआरकडे गेली, म्हणजे वाद मिटला. तो कसा मिटत नाही हे पाहण्याआधी वाटेतला एक मुक्काम, रिअल-टाइम पीसीआर, म्हणजेच क्यूपीसीआर. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात घराघरांत ‘सीटी व्हॅल्यू’ची चर्चा होती. करोनाचा विषाणू आरएनएचा, पण चाचणीत त्याची डीएनए-प्रत करून तीच वाढवली जाते, त्यामुळे मुद्दा तोच. सीटी २४ ला रेष मारावी का, असा प्रश्न राज्याकडून आयसीएमआरकडे गेला होता. उत्तर आले की ३५ पर्यंतचे सगळे बाधितच धरा. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र २२ वाला ‘जास्त आजारी’ आणि २८ वाला ‘बरा’ असे निदान सर्रास चालू होते. सीटी म्हणजे प्रती दुप्पट होत होत किती फेऱ्यांनी दिसू लागल्या. दर फेरीला पुरे दुप्पट होत असेल तर दहापट फरकाला ३.३२ फेऱ्या लागतात. पण दुप्पटऐवजी १.९ पट होत असेल तर? तीस फेऱ्यांअखेर हिशेबात साडेचार पटींहून जास्त तफावत पडते. एका प्रयोगशाळेचा २५ आणि दुसरीचा २८ यांत केवळ आजार मोजला जात नव्हता. किट, स्वॅब घेणाऱ्याचा हात आणि प्रतिक्रियेची कार्यक्षमता यांचीही बेरीज त्यात होती. मोजणीसाठी प्रमाणवक्र लागतो, आणि त्या वक्राचे बिंदू ज्या डीएनएने घातले त्याचे मोजमाप, पुन्हा एकदा, बहुधा अतिनील शोषणाचे.

डिजिटल पीसीआर हा वक्र काढून टाकते, हे खरे आणि मोलाचे. कल्पना देखणी आहे. १९९९ मध्ये व्होगेलस्टाइन आणि किन्झलर यांनी तिला हे नाव दिले. नमुना सुमारे २०,००० सूक्ष्म थेंबांत वाटायचा, प्रत्येक थेंबात पीसीआर करायची, चमकलेले थेंब मोजायचे. समजा ८,००० थेंब चमकले. म्हणजे ८,००० प्रती? नाही; काही थेंबांत दोन-तीन प्रती एकत्र शिरल्या असणार. प्वासाँच्या सूत्राने हिशेब केला तर १०,२०० च्या आसपास प्रती येतात. इथपर्यंत निव्वळ गणित. पण तुम्हाला हवे असते मायक्रोलिटरला किती प्रती. त्यासाठी एका थेंबाचे आकारमान लागते. ते ०.९१ नॅनोलिटर धरले तर उत्तर ५६१, ०.८५ धरले तर ६०१. थेंब तेच, चमक तीच, सात टक्के फरक. आणि हे दोन्ही आकडे काल्पनिक नाहीत. एकाच प्रकारच्या यंत्रासाठी वेगवेगळ्या काळी वापरले गेलेले आहेत. म्हणूनच निस्टने नव्या प्रमाण-नमुन्यासाठी कारखान्याचा आकडा जसाच्या तसा न घेता थेंबांचे आकारमान मोजण्याची पद्धत स्वतः बसवली. वाद मिटवणारे यंत्र हाती असूनही ज्यांना खरोखर मोजायचे होते त्यांना थेंब मोजावा लागला. हे विक्रेत्याच्या सादरीकरणात सापडणार नाही.

शिवाय हे यंत्रही डीएनएचे वजन मोजत नाही. ते मोजते ज्यांची प्रत निघू शकते असे, आणि वेगवेगळ्या थेंबांत पडलेले तुकडे. एका धाग्यावर जनुकाच्या दोन प्रती शेजारी असल्या तर दोन्ही एकाच थेंबात जातात आणि एक मोजली जाते. म्हणून आधी कात्री-विकराने धागा तोडावा लागतो. नमुना आधीच गरम करून पदर सुटले असतील तर एका रेणूचे दोन पदर दोन थेंबांत जातात आणि एकाचे दोन मोजले जातात. नेमक्या मोजायच्या जागीच तुकडा तुटला असेल तर तो मोजलाच जात नाही. जुन्या ऊतींच्या मेणातल्या ठोकळ्यातून काढलेल्या डीएनएबाबत म्हणूनच अतिनील, रंग आणि डिजिटल पीसीआर तीन वेगवेगळी उत्तरे देतात. तिघांनी प्रामाणिकपणे आपापले काम केलेले असते: एकाने बेसेस मोजले, एकाने जोडलेले पदर, एकाने शाबूत प्रती. ‘डीएनए किती’ या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत, आणि आपल्या प्रयोगाला त्यातले कोणते हवे हे प्रयोग करणाऱ्याने ठरवायचे असते. ते यंत्र ठरवू शकत नाही.

उरला खर्चाचा मुद्दा, जो नेहमी शेवटी येतो आणि चर्चा बंद करतो. रंगाच्या एका चाचणीला पैसे पडतात, हे मान्य. पण चुकीच्या आकड्यावर सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या डीएनए-लायब्ररीमुळे सिक्वेन्सरचा एक फेरा वाया गेला तर त्या पैशात रंगाच्या किती चाचण्या झाल्या असत्या, हा हिशेब कोणत्याच खरेदी समितीच्या कागदावर नसतो, कारण तो खर्च ‘प्रयोग फसला’ या सदराखाली जातो. डिजिटल पीसीआरच्या यंत्राला लाखो रुपये मंजूर करणारी समिती काही हजारांच्या प्रमाण-नमुन्याला ‘गरज स्पष्ट करा’ म्हणून परत पाठवते, हाही प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

प्रबंध तपासणाऱ्यांना, शोधनिबंधांच्या परीक्षकांना आणि मार्गदर्शकांना माझे मागणे मोठे नाही. ‘डीएनएची शुद्धता १.८ आढळली’ एवढेच लिहिलेले पान परत पाठवा. कोणत्या पद्धतीने मोजले, कोणत्या बफरमध्ये, कोणत्या प्रमाण-नमुन्याशी ताडून, आणि अतिनील शोषण व रंग यांच्या आकड्यांत किती तफावत होती, हे चार ओळींत लिहून मागा. क्यूपीसीआर असेल तर कार्यक्षमता विचारा. २००९ पासून त्यासाठी ‘एमआयक्यूई’ ही मार्गदर्शक सूची उपलब्ध आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. डिजिटल पीसीआर असेल तर थेंबाचे आकारमान किती धरले ते विचारा. उत्तर येईपर्यंत सही करू नका.